तोंडातले व्रण: साधे कोणते, घातक कोणते?

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे: ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि संपूर्ण मुखाचे ३. ‘तोंड येणे’ हे या शेवटच्या, ‘सर्वसर’ गटाच्या जवळ जाते. या मोजदादीहून महत्त्वाचे म्हणजे चिकित्सास्थानाने असाध्य रोग निराळे काढले; जिभेचा ‘अलास’ आणि टाळूचे ‘अर्बुद’ त्यांत येतात.

विसाव्या शतकात हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या मुखविकाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हटले. तिखटाने आग होते, फोड येतात, गालांची आतली त्वचा ताठरते आणि पुढे घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. कारण ठरली सुपारी; तीच, जी मंगलकार्यात गणपती म्हणून पुजली जाते!

तेव्हा हिंगोली हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्यात होती.

१९७२ मध्ये डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या पाहणीचे मुख्य साधन काय, तर उजेडात तोंड उघडून नीट पाहणे. कर्करोगापूर्वीचे पांढरे-लाल चट्टे डोळ्यांना दिसतात, पण बहुधा दुखत नाहीत. खरा धोका इथेच आहे, कारण माणूस वेदनेने वैद्याकडे जातो.

दात लागून वा गरम चहाने झालेला साधा व्रण साधारण एक-दोन आठवड्यांत भरतो. त्यापुढे टिकलेला व्रण, न पुसला जाणारा चट्टा, कडक कडा, रक्तस्राव, मानेतली गाठ किंवा कमी उघडणारे तोंड दिसल्यास दंतवैद्य वा कान-नाक-घसातज्ज्ञ गाठावा. मलमावर दिवस काढू नयेत. ताप येऊन पाणीही गिळवत नसेल, तर त्याच दिवशी.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. साधी सुपारी तिच्या बाहेर राहिली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले ते ९ ऑक्टोबर २०२४ रोजी.