‘यू’ हे सर्वनाम आणि अंत्यविधीप्रसंगीची निदर्शने

वाक्य कोणास उद्देशून उच्चारले आहे, हा व्याकरणातील नित्याचा प्रश्न होय. परंतु त्याच्या उत्तरावर एका शोकाकुल पित्याचा दावा आणि एका राष्ट्राच्या भाषणस्वातंत्र्याची मर्यादा या दोहोंचा निर्णय अवलंबून राहावा, असे प्रसंग विरळा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०११ रोजी ज्याचा निर्णय दिला, तो ‘स्नायडर विरुद्ध फेल्प्स’ हा खटला अशांपैकी एक आहे.

कॅन्सस राज्यातील टोपीका येथे फ्रेड फेल्प्स याने १९५५ मध्ये वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च स्थापन केले. अमेरिकन समाज समलैंगिकतेविषयी सहिष्णु झाल्यामुळे ईश्वराचा कोप झाला असून रणात पडणारे सैनिक हे त्या कोपाचेच फळ होय, अशी या पंथाची शिकवण. वीसहून अधिक वर्षांत त्याच्या अनुयायांनी सुमारे ६०० अंत्यविधींच्या वेळी निदर्शने केल्याची नोंद निकालपत्रात आहे.

मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मृत्यू पावलेल्या मरीन दलातील एका तरुणाचा अंत्यविधी मेरीलँडमधील वेस्टमिन्स्टर येथील कॅथलिक चर्चमध्ये झाला. फेल्प्स, त्याच्या दोन कन्या व चार नातवंडे असे सात जण चर्चपासून सुमारे १००० फुटांवर, सार्वजनिक जागेवर, पोलिसांच्या सूचना पाळून, विधीपूर्वी सुमारे अर्धा तास फलक धरून उभे होते. जाताना पित्यास फलकांची केवळ वरची टोके दिसली. मजकूर त्याने रात्री दूरचित्रवाणीवर वाचला. त्याने केलेल्या दाव्यात ज्यूरीने भरपाई म्हणून २९ लक्ष व दंडात्मक म्हणून ८० लक्ष डॉलर मंजूर केले. न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम २१ लक्षांवर आणली. पुढे अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी पंथाच्याच बाजूने कौल दिला.

बहुतेक फलक राष्ट्र, सैन्य व कॅथलिक धर्मगुरू यांना उद्देशून होते, याविषयी फारसा संशय नव्हता. अडचण होती ती ‘यू’ हे सर्वनाम असलेल्या दोन फलकांची. एकात ईश्वर ‘यू’चा द्वेष करतो असे, तर दुसऱ्यात ‘यू’ नरकात जाणार असे म्हटले होते. ही वाक्ये मराठीत आणू जाता लेखणी थबकते. ‘तू’ लिहावे तर उद्दिष्ट मृत सैनिक ठरतो; ‘तुम्ही’ लिहावे तर सारा समाज. आपले ‘तुम्ही’ आदरार्थी एकवचनही आहे खरे. परंतु शाप देताना आदर कोणी राखीत नाही, म्हणून तेथे ते अनेकवचनीच वाचले जाईल. इंग्रजीतही हा भेद एके काळी होता. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात ‘दाऊ’ आणि ‘यी’ यांनी तो पाळला आहे. कालांतराने प्रमाण इंग्रजीतून तो लोपला आणि त्या लोपाने निर्माण झालेली संदिग्धता न्यायासनापुढे येऊन उभी राहिली.

मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सर्व फलक एकत्र वाचले. दोन फलक कुटुंबास उद्देशून मानले तरी एकंदर रोख सार्वजनिक प्रश्नांकडेच आहे, असे त्यांनी म्हटले. एकट्याने भिन्नमत देणारे न्यायमूर्ती अलिटो यांनी प्रसंग वाचला. निदर्शनासाठी असंख्य जागा मोकळ्या असता नेमका हा अंत्यविधी निवडला आणि अंत्यविधीत मन परलोकाकडेच लागलेले असते. म्हणून असे फलक वाचणारास तो मृतावरील ईश्वरी निवाडाच वाटणार, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अर्थनिश्चयाच्या साधनांत वाक्य, प्रकरण, औचित्य, देश व काल यांची गणना केली आहे. त्या परिभाषेत बोलावयाचे तर बहुमताचा आधार फलकांवरील समग्र वाक्यसमूह हा होता. भिन्नमताचा आधार प्रकरण, देश आणि काल हा.

भाषाभ्यासक म्हणून आम्हांस अलिटो यांचे वाचन अधिक यथार्थ वाटते. पित्याने तो ‘यू’ एकवचनी वाचला यात त्याची चूक नव्हती. तथापि एवढ्यावरून निकाल चुकला असे म्हणता येत नाही. ज्यूरीने लावलेली ‘अत्यंत निंद्य’ ही कसोटी ऐकणाराच्या रुचीवर अवलंबून असते, हे त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये, एका नियतकालिकाविरुद्ध धर्मोपदेशक फॉलवेल यांनी केलेल्या दाव्यात सांगितले होते. संदिग्ध सर्वनामाचा अर्थ अशा कसोटीने ठरवून लक्षावधींचा दंड होऊ लागला, तर उद्या अप्रिय मतांच्या कोणत्याही वक्त्यास रस्त्यावर बोलणे धोक्याचे होईल.

मग शोक करणाराचे काय? याचे उत्तर विधिमंडळांनी दिले. २००६ मध्ये राष्ट्रीय दफनभूमींपुरता संघीय कायदा झाला. मेरीलँडसह ४० हून अधिक राज्यांनी आपापले कायदे केले. अंत्यविधीच्या आगेमागे विशिष्ट वेळ व विशिष्ट अंतर राखावे, एवढीच त्यांची सर्वसाधारण अपेक्षा. ओहायोचे ३०० फूट व एक तास हे बंधन अपील न्यायालयाने २००८ मध्ये ग्राह्य धरले होते. हे कायदे कोणता शब्द, कोणते सर्वनाम, हे विचारीत नाहीत. ते केवळ देश आणि काल नियमित करतात. अर्थ मात्र वाचणाराच्या स्वाधीन ठेवतात. वेस्टमिन्स्टरच्या पित्यास त्यांचा उपयोग झाला नाही. मेरीलँडचा कायदा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता, आणि १००० फुटांवरचा तो फलक नंतर त्याच्या घरातील पडद्यावर आला. अंतर मोजणाऱ्या कायद्याची मर्यादा तेथेच दिसते.