तुरियाचं वळवलेलं पात्र

स्पेनच्या वॅलेन्सियात उन्हाळा कोरडा. पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवायला कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शेतकऱ्यांचं न्यायालय आजही बसतं. निवाडा तोंडी, तिथल्या तिथे.

पुराचा धोका मात्र शरदात येतो. उन्हाळाभर तापलेल्या भूमध्य समुद्राची दमट हवा वरच्या थंड हवेला भिडते आणि पाऊस कोसळतो. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया नदीला एकाच दिवसात दोन पूर आले. किमान ८१ माणसं गेली. मग नदीच शहराच्या दक्षिणेला वळवली. जुन्या पात्रातून महामार्ग जाणार होता; नागरिकांनी झगडून तिथे बाग मिळवली.

२९ ऑक्टोबर २०२४च्या पुरात नव्या पात्राने शहर वाचवलं. त्याच्या दक्षिणेला मात्र एरवी कोरड्या पोयो ओढ्याने पाइपोर्ता हे गाव बुडवलं. मोबाइलवर इशारा आला रात्री आठनंतर, गल्ल्यांत पाणी शिरल्यावर. हा उशीर अक्षम्य होता. प्रांतात २२०हून अधिक माणसं मेली.