यंत्राचे वळण आणि चालकाचा विश्वास

यंत्रावर माणसाचा विश्वास बसतो तो सवयीने. मागावरचा विणकर, आगगाडीच्या इंजिनावरचा ड्रायव्हर, लेथवरचा कामगार यांना आपापल्या यंत्राचे वळण ठाऊक असते. ते कोठे अडते, केव्हा ताण घेते, कोणत्या आवाजानंतर काय बिघडते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. रोजच्या सहवासाने ते हातांत उतरते. एवढे ध्यानात घेतले म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतील मोटारचालकांच्या बाबतीत जे घडले त्याचा उलगडा होतो. रात्री दारात उभी केलेली गाडी सकाळी निराळ्या वळणाची होऊन बसली, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी मात्र होती त्याच माणसावर राहिली. हा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

हात सोडले तरी यंत्र चालावे, ही हौस जुनी आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकन वैमानिकाने आपले दोन्ही हात वर करून दाखविले. त्याचा सोबती पंखावर चालत गेला, तरी विमान सरळ उडत राहिले. मोटारीत ही कल्पना आली ती वेगापुरती. राल्फ टीटर नावाच्या इंजिनियराची दृष्टी लहानपणीच गेली होती. दुसऱ्याच्या गाडीत बसले की वेगाचे हिसके त्यांना असह्य होत, आणि त्यातूनच वेग एकसारखा राखण्याची युक्ती त्यांना सुचली, असे सांगतात. क्रायस्लर कंपनीने १९५८ च्या गाड्यांत ती बसविली व तिला ‘ऑटो-पायलट’ हे भारदस्त नाव दिले. स्टिअरिंग मात्र माणसाच्याच हातात राहिले.

ते यंत्राकडे जाण्याची तयारी चालू असताना शास्त्रज्ञांनी इशारे देऊन ठेवले होते. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश संशोधकाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना दोन दोन तास एका घड्याळासारख्या तबकडीवर नजर ठेवायला बसविले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच त्यांच्या नजरेतून खुणा निसटू लागल्या. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याहून मार्मिक गोष्ट मांडली. यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि अवघड प्रसंग तेवढा माणसाकडे टाकते. मधल्या काळात त्या माणसाचा हात मात्र सरावातून गेलेला असतो. ज्यांनी कोणत्याही कारखान्यात पहारेकऱ्यासारखे यंत्राशेजारी उभे राहून पाळी काढली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

टेस्ला या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या गाड्यांत कॅमेरा, रडार आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारी साधने बसविल्याचे जाहीर केले. स्टिअरिंग यंत्राच्या हाती गेले ते एका वर्षाने, ऑक्टोबर २०१५ मध्ये. कोणी गाडी वर्कशॉपात नेली नाही, कोणी पाना फिरविला नाही. सॉफ्टवेअरची सातव्या क्रमांकाची आवृत्ती बिनतारी मार्गाने गाडीत उतरली, आणि हमरस्त्यावर गाडी आपोआप पट्ट्यांच्या मधून चालू लागली. इंजिनियर मंडळी याला स्वयंचलनाची दुसरी पायरी म्हणतात. वेग आणि स्टिअरिंग ही दोन्ही यंत्र सांभाळते, परंतु रस्त्यावर नजर ठेवणे आणि क्षणात हात घालणे हे काम माणसाचेच. लोकांनी हात सोडून चित्रफिती काढल्या. जानेवारी २०१६ मध्ये नवी आवृत्ती आली आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर यंत्रणेच्या वेगाला लगाम बसला. जी मोकळीक एका आवृत्तीने दिली ती पुढच्या आवृत्तीने आखडून घेतली.

७ मे २०१६ रोजी फ्लॉरिडातील विलिस्टन गावाजवळ आडव्या आलेल्या मालट्रकवर अशी एक गाडी आदळून चालक दगावला. त्या प्रवासात यंत्रणा ३७ मिनिटे चालू होती, आणि चालकाचे हात स्टिअरिंगवर असल्याची नोंद सारी मिळून २५ सेकंदांची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आठव्या क्रमांकाची आवृत्ती आली. इशाऱ्यांकडे वारंवार दुर्लक्ष केले तर गाडी थांबवून ठेवीपर्यंत स्टिअरिंगची मदत तिने बंद पडू लागली.

२३ मार्च २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे, जेथे हमरस्त्याला फाटा फुटतो तेथे, दुसरी गाडी दोन वाटांमधल्या कठड्यावर ताशी सुमारे ७१ मैल वेगाने आदळली. चालक दगावला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये निष्कर्ष काढला की, यंत्रणेच्या मर्यादांमुळे गाडी तिकडे वळली, आणि चालकाचे लक्ष बहुधा फोनवरील खेळाकडे होते. परंतु त्याच चौकशीत हेही निघाले की, त्या ठिकाणी गाडी कठड्याकडे ओढ घेते, असे त्याने आधीच घरच्यांना सांगितले होते. म्हणजे यंत्राची खोड त्याला ठाऊक होती.

मार्च २०१९ मध्ये आणखी एका चालकाची चित्रफीत गाजली. त्याचे म्हणणे असे की, दोन वाटा फुटतात तेथे आपली गाडी पूर्वी नीट जात असे, परंतु नवी आवृत्ती उतरल्यावर ती दुभाजकाकडे झुकू लागली. असे का व्हावे? रस्ता ओळखण्याचे काम या यंत्रणेला असंख्य चित्रे दाखवून शिकविलेले असते. नवी चित्रे दाखवून तिला पुन्हा शिकविले म्हणजे एका ठिकाणची चूक सुधारते. पण दुसऱ्या ठिकाणी जे उत्तर बरोबर येत होते ते बिघडू शकते.

चालकांचा विश्वास उडतो तो नेमका येथे. खोड असलेला बैल शेतकऱ्याला परवडतो. ओढ्यापाशी तो बुजतो हे माहीत असले की तेथे कासरा आवळून धरता येतो. ज्याची खोड दर महिन्याला बदलते त्या बैलाचे काय करावे? काल कमावलेले ज्ञान आज खोटे ठरते, इतकेच नव्हे तर घातक ठरते, कारण ज्या वळणावर आपण निर्धास्त झालो तेथेच ते फसविते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडक चालकांना चाचणीसाठी दिलेल्या यंत्रणेची १०.३ क्रमांकाची आवृत्ती अशीच उतरली. पुढे काही नसताना धडकेचे इशारे वाजू लागले, काही गाड्यांनी आपोआप ब्रेक दाबले. कंपनीला ती आवृत्ती लगोलग मागे घ्यावी लागली आणि ११,७०४ गाड्यांची दुरुस्ती सरकारदरबारी नोंदवावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये, विनाकारण ब्रेक लागतात अशा ३५४ तक्रारींवरून सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची सरकारी चौकशी सुरू झाली.

कोणी म्हणेल, मग काय, यंत्र सुधारूच नये? आमचे तसे म्हणणे नाही. २०१८ मध्ये याच कंपनीच्या एका गाडीला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागतात, असे ग्राहकांच्या एका नामांकित नियतकालिकाने दाखवून दिले. थोड्याच दिवसांत बिनतारी दुरुस्तीने ते अंतर १३३ फुटांवर आले. एकोणीस फुटांत एखादे मूल वाचते. प्रश्न सुधारणेचा नाही. सुधारणा कोणाला विचारून, कोणाला सांगून होते, याचा आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांपुढे हाच प्रश्न १९२८ साली उभा राहिला होता. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, असे मालकांनी ठरविले. सूत तुटले तर ठपका मात्र कामगारावर. सुमारे सहा महिने संप चालला, आणि त्याच्या मुळाशी जी कारणे होती त्यांत हे एक मोठे होते. पुढे १९५६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९ अ आले. ठराविक सेवाशर्तींत बदल करायचा तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे त्याने ठरविले. मोटारीचा मालक कामगार नव्हे हे आम्ही जाणतो. पण तत्त्व एकच आहे. ज्याच्या माथी जबाबदारी, त्याला बदलाची आधी खबर.

अमेरिकेतही हळूहळू याची जाणीव होत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांहून अधिक गाड्या ‘परत बोलाविण्यात’ आल्या. गाडी दारातून हलली नाही. फक्त नवी आवृत्ती उतरली, चालकाचे लक्ष टिकावे म्हणून. परंतु एप्रिल २०२४ मध्ये महामार्ग सुरक्षा प्रशासनाने त्या उपायाचीच चौकशी आरंभिली. त्यातील काही भाग मालकाने स्वतः होकार दिल्याशिवाय लागू होत नव्हता, आणि काही चालकाला सहज उलटविता येत होता. जेथे विचारायला हवे तेथे विचारले नाही, आणि जेथे ठाम राहायला हवे तेथे ते मर्जीवर सोडले, असा हा उफराटा न्याय झाला.

वर्कशॉपातून गाडी आली की जाणता ड्रायव्हर आधी मोकळ्या जागी ब्रेक मारून पाहतो, स्टिअरिंगचा ढिलेपणा तपासतो, मगच उतारू घेतो. त्याला तेवढा वेळ आणि तेवढी माहिती मिळते, म्हणून त्याच्याकडून जबाब मागणे न्यायाचे ठरते. बिनतारी मार्गाने बदलणाऱ्या गाडीच्या चालकालाही तेच मिळाले पाहिजे: काय बदलले ते साध्या भाषेत, बदल लागू होण्याआधी, नव्या वळणाची ओळख करून घेण्यास अवधी, आणि ते न पटल्यास यंत्रणा बंद ठेवून गाडी हाताने चालविण्याची पूर्ण मुभा. यांपैकी काहीच न देता अपघातानंतर ‘हात स्टिअरिंगवर का नव्हते?’ एवढेच विचारायचे, ही रीत आम्हांला गिरणीच्या दाराशी फार वर्षे ठाऊक आहे. ती तेथेही न्यायाची नव्हती.