एकखणी खोलीची मांडणी : मुंबईच्या चाळीतील जमीन, भिंत आणि माळा

मुंबईच्या गिरणगावात स्वयंपाक, जेवण, अभ्यास, पाहुणचार आणि झोप या सर्वांची सोय एकाच खोलीत लावण्याची जी रीत रुजली, तिचा उल्लेख सहसा कामगारांच्या हलाखीच्या वर्णनात येतो. परंतु गृहरचनेच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता ती निश्चित नियम असलेली व्यवस्था होती. जमीन शक्य तितकी मोकळी राखायची, साठवण भिंतीवर आणि छताकडे न्यायची, आणि एकाच जागेला दिवसाच्या प्रहरांनुसार वेगवेगळी कामे द्यायची, हे त्या व्यवस्थेचे सूत्र होते.

या खोलीचा आकार सरकारी व खाजगी निर्णयांतून ठरत गेला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यानंतर दाट वस्तीत हवा व उजेड पोहोचावा या हेतूने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी काही चाळी बांधल्या. पुढे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निर्माण झाले. त्याच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिल्या. त्यांची संख्या 207 होती. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना मिळून 20 खोल्या, आणि खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस फूट, असा त्यांचा ठरीव साचा होता. शौचालये मजल्यावर सामाईक असत. खाजगी चाळींत बोळाऐवजी बहुधा बाहेरून लांब गॅलरी असे, परंतु खोलीतील अडचण तीच होती : एका टोकाला दार, समोर खिडकी, कोपऱ्यात मोरी, म्हणजे भांडी घासण्याची व आंघोळीची उतरती जागा. या तीन गोष्टी हलवता येत नसल्यामुळे उरलेल्या सामानाची जागा त्यांच्यावरूनच ठरत असे.

मोरीजवळ पाण्याचे पिंप व चूल, आणि त्यांच्या वर भांड्यांची मांडणी, हा क्रम पाण्याच्या सोयीमुळे आपोआप पडला. उरलेल्या भिंतीत कोनाडा, म्हणजे भिंतीच्या जाडीत सोडलेली पोकळी, आणि फडताळ, म्हणजे तशाच पोकळीला दारे बसवून केलेले कपाट, यांचा उपयोग होई. भिंत पातळ असल्यास लाकडी फळ्या व खुंट्या ठोकल्या जात. छताजवळ आडवी दांडी बांधून कपडे वाळत घालीत, त्यामुळे माणसांच्या डोक्यावरची जागाही वापरात येई. पत्र्याच्या ट्रंका भिंतीशी एकावर एक रचून वर चादर टाकली की त्यांचे बसण्याचे आसन होई. अंथरुणे मात्र सकाळी उचललीच पाहिजेत असा दंडक होता : गोधड्या व सतरंज्या गुंडाळून त्यांची वळकटी बांधली जाई आणि ती ट्रंकांवर किंवा माळ्यावर जाई. रात्री तीच जमीन झोपण्यासाठी मोकळी होई आणि पुरुष मंडळी पुष्कळदा गॅलरीत किंवा बोळात पथारी टाकीत.

कुटुंब गावी ठेवून आलेल्या कोकणातील व घाटावरील पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोल्यांत हे सूत्र अधिक कडक होई. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे दिवसपाळीचा माणूस उठून गेल्यावर रात्रपाळीचा माणूस त्याच जागी झोपे, आणि स्वतःची म्हणावी अशी जागा जवळजवळ एका ट्रंकेपुरतीच उरे. धोबीतलावच्या परिसरातील गोव्याच्या गावांच्या ‘कूड’ नावाच्या निवासांतही असेच दृश्य असे. जहाजांवर नोकरी करणारे गोवेकर दोन सफरींच्या मध्ये तेथे उतरत आणि भिंतीशी लावलेल्या ट्रंकांसमोर आपापली चटई पसरत.

माळ्याचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे. त्या काळच्या आरोग्यशास्त्रात प्रत्येक माणसामागे किती घनफूट हवा मिळते यावर भर असल्यामुळे छत उंच ठेवण्याकडे कल होता. परंतु 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, शहरात नवे घर मिळणे दुरापास्त झाले, आणि एकाच खोलीत दुसरी व तिसरी पिढी वाढू लागली. तेव्हा हवेसाठी राखलेल्या त्या उंचीत पोटमाळा, म्हणजे जमीन व छत यांच्या मध्ये तुळयांवर फळ्या टाकून केलेला अर्धा मजला, बसवला जाऊ लागला. तेथे आधी अडगळ गेली, मग विद्यार्थी अभ्यासाला चढले, आणि अनेक घरांत नवविवाहित जोडप्याला आडोसा मिळाला तो तेथेच.

जमिनीवर कायम ठाण मांडणारे सामान उशिरा आले. 1897 मध्ये कुलपांच्या धंद्यात उतरलेल्या गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटे बनवण्यास प्रारंभ केला, परंतु गिरणी कामगाराच्या घरात तसे कपाट येण्यास पुढील काही दशके आणि बहुधा एखादे लग्न लागे. लोखंडी खाट आली तरी तिच्या पायांखाली विटा ठेवून ती उंच केली जाई, म्हणजे वर वडीलधारे, खाली ट्रंका, आणि रात्री जागा कमी पडल्यास खालीच मुले, असे एकाच चौकोनाचे थर होत. कायमचा पलंग या हिशेबात बसत नव्हता, कारण 6 फूट रुंद व साडेसहा फूट लांब दुहेरी पलंग 39 चौरस फूट व्यापतो. म्हणजे 160 चौरस फुटांच्या खोलीचा जवळजवळ चौथा भाग दिवसभर झोपेसाठी अडकून पडतो.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात मूळ भाडेकरूंना 500 चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले आणि वरळीतील पहिल्या रहिवाशांना 2025 मध्ये ताबा मिळाला. या घरांत झोपण्याची खोली वेगळी असल्यामुळे तेथे पलंग कायमचा मांडता येतो, दिवसाची कामे बाहेरच्या खोलीत होतात, आणि एकांत, जो चाळीत पडद्याने वा माळ्याने मिळवावा लागे, तो दार लावल्याने मिळतो. मात्र लहान शयनगृहात पलंग व कपाट मांडल्यावर जमीन उरत नाही, तेव्हा पलंगाच्या पोटात पेटी, दारावर माळा आणि भिंतीला मिटणारे टेबल हे उपाय पुन्हा योजले जातात. जुनी साठवणीची रीत अशा प्रकारे टिकून राहिली. सुटली ती फक्त सकाळी अंथरूण उचलून दिवसासाठी जमीन परत मिळवण्याची सवय.