परसातली बेगमी

पिंपरी-चिंचवडमध्ये परसबागेचा विषय निघाला की बोलणे कुंड्या, माती आणि बियाणे यांच्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. जुनी बाग का गेली, याचे उत्तरही ठरलेले असते: जमीन गेली, म्हणून बाग गेली. हे खरे आहे, पण अपुरे आहे. खेड, मावळ आणि हवेलीच्या या पट्ट्यात घरची भाजी पिकवण्याइतकीच अक्कल ती राखण्यात लागत होती. आज गच्चीवर टोमॅटो, मेथी, दुधी पुन्हा पिकू लागले आहेत. राखण्याची विद्या मात्र परतलेली नाही, आणि माझ्या मते आपले खरे नुकसान तिथे झाले आहे.

परसाचे गणित पाण्यावर बेतलेले होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर घेवडा, दोडका, कारले, गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल. श्रावणापासून पौषापर्यंत हे सगळे भरभरून देई, आणि चैत्र लागला, विहिरी खाली गेल्या की हात आखडे. मृगाचा पाऊस पडला तरी नव्या वेलांना फळ धरायला दीड-दोन महिने लागत. हा रिकामा काळ भरून काढण्यासाठी बेगमी होती. पौषात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवायचा, गवार आणि कारल्याच्या चकत्या मीठ लावून उन्हात टाकायच्या, मिरच्या मसाला भरून सुकवायच्या, भिजवून वाटलेल्या डाळीत कोहळ्याचा कीस कालवून सांडगे घालायचे. तांबडा भोपळा देठासकट काढला आणि हवेशीर टांगला तर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तो तुळईला बांधलेला असे. वेलावरचा एक दोडका मुद्दाम निबर होऊ द्यायचा आणि त्याचे बी राखेत घालून पुढच्या पावसापर्यंत जपायचे. या प्रत्येक कामाला घरात ठरलेली जागा होती: अंगण, पडवी, माळा. घराची रचनाच साठवणीला धरून होती.

हेच तत्त्व खेड तालुक्यातल्या चाकणच्या कांद्यात मोठ्या प्रमाणावर दिसते. उन्हाळी कांद्याच्या माना पडल्या की तो उपटतात आणि पातीखाली झाकून शेतातच सुकवतात. मान बारीक होऊन मिटली की आत ओल आणि कूज शिरायला वाट उरत नाही. मग तो चाळीत जातो. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला आणि बाजू फटींच्या, म्हणजे वारा खालून आणि आडवा खेळतो. ज्याची चाळ आहे तो भावासाठी थांबू शकतो, ज्याची नाही त्याला काढणीच्या गर्दीत मिळेल त्या दराने विकावे लागते. चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी 1980 साली कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना पुणे-नाशिक रस्त्यावर उतरवले, तेव्हा त्यांचा रोख सरकारच्या धोरणावर होता. यावर कोणी म्हणेल, भाव धोरणाने पडतो, चाळीने सावरत नाही. आक्षेप रास्त आहे. नुसती चाळ भाव ठरवत नाही. पण धोरण कितीही चांगले असले तरी ज्याचा माल आठवड्यात सडतो, त्याला सौद्यात बळ येत नाही. कांदा-लसणावरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1998 मध्ये याच तालुक्यात, राजगुरुनगरला आले. तिथल्या भीमा शक्ती आणि भीमा किरण या वाणांची ओळखच टिकाऊपणाची आहे.

शहराची बाजू वेगळी. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी आली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1970 ला नगरपालिका आणि 1982 ला महानगरपालिका झाली. माणसे कामाच्या पाळ्यांवर जगू लागली आणि नव्या घरांत माळा आणि पडवी उरली नाही. तरीही वाळवण इथून पुरते गेले नाही. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांनी कमळकाकडी आणि गवार वाळवून तळायची आपली कचरी बरोबर आणली होती. सिंधचे ऊन आणि देशावरचे ऊन एकाच कामाला लागले.

फ्रिज आहे, मंडई बारमाही आहे, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. फ्रिज भाजीला आठवडाभर जगवतो. वाळवलेला हरभऱ्याचा पाला वर्षभर राहतो आणि त्याची चव ताज्या भाजीहून निराळी असते. शिवाय ऐन बहरात दुधीचा एक वेल चौघांच्या घराला पुरून उरतो आणि उरलेले वाया जाते. याहून वजनदार आक्षेप बायकांच्या श्रमांचा आहे. भर उन्हातले हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी फुकट केले, आणि ते तसेच परत यावे असे म्हणणे अन्याय होईल. पण श्रम फुकटच असले पाहिजेत असे कुठे आहे? महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत बचत गटांच्या बायका पापड-कुरडया मांडतात आणि त्याचे दाम घेतात. घरात ते काम पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावे. आता अडचण उरते ती जागेची, आणि ती जागा प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर आहे. सोसायट्यांनी निदान मार्च ते मे एवढे तीन महिने गच्चीचे कुलूप काढावे.