लढाई आणि उद्दिष्ट : श्रीरंगपट्टणच्या परिसरातील मराठी मोहिमांचा एक विचार (१७७१–१७९२)

संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर संघ करून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन युद्धखेळांत एक वाद सातत्याने आढळतो. खेळात संघाला एखादे उद्दिष्ट नेमून दिलेले असते. प्रतिपक्षाचा ध्वज आपल्या तळावर आणावयाचा, एखादे ठाणे काही काळ राखावयाचे, सुरुंग पेरावयाचा अथवा तो निकामी करावयाचा, अशी ही उद्दिष्टे असतात. ‘काउंटर-स्ट्राइक’ (१९९९) या खेळातील डाव एकही प्रतिस्पर्धी न मारता जिंकता येतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००५ साली समाविष्ट झालेल्या ‘वॉरसाँग गल्च’ या रणभूमीवर तीन वेळा ध्वज आणणारा संघ विजयी ठरतो. मैदानात कोणी किती जणांना लोळविले, याला निकालात स्थान नाही. तरीही अनेक खेळाडू ध्वज सोडून मैदानाच्या मध्यभागी झुंजत राहतात. याचे एक कारण फलकावर दिसते. फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याने मारलेल्यांची संख्या झळकते. ध्वजाचे गुण मात्र संघाच्या नावावर जमा होतात. व्यक्तीचा हिशेब आणि संघाचा हिशेब असे दोन वेगळे हिशेब एकाच डावात चालू असतात.

या वादाचे स्वरूप नवे नाही. आट्यापाट्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सहज उमगेल. पाटीवरच्या गड्याला हुलकावणी देणे हे त्या खेळातील कौशल्य खरे, परंतु खेळ सर्व पाट्या ओलांडून लोण घेऊन परतण्याचा आहे. एकाच पाटीवर हुलकावण्यांचे प्रदर्शन करीत राहणारा गडी प्रेक्षकांची वाहवा मिळवील. संघाला लोण मिळवून देणार नाही. मराठ्यांच्या युद्धपरंपरेलाही हा भेद परिचित होता. १७२८ साली पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामाला पाणी आणि रसद यांपासून तोडले व मोठी लढाई न देता मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. तेथे मारलेल्यांची मोजदाद कोणी करीत नाही. तहाची कलमे मोजतात.

प्रस्तुत निबंधात हा भेद एका मर्यादित भूप्रदेशाच्या आधारे तपासावयाचा आहे. म्हैसूर शहराच्या वायव्येकडील मेटगळ्ळी हे आज औद्योगिक उपनगर म्हणून ओळखले जाते. तेथून कृष्णराजसागराकडे रस्ता जातो. या जलाशयाखाली जुने कन्नंबाडी गाव बुडाले आहे. जलाशयाच्या पूर्वेला, कावेरीच्या बेटावर, श्रीरंगपट्टण. उत्तरेला चिनकुरळी, तोण्णूरचा मोती तलाव आणि मेलुकोटचा डोंगर. १७७१ ते १७९२ या एकवीस वर्षांत मराठी फौजा या टापूत ज्या हेतूने वावरल्या आणि ज्या रीतीने लढल्या, त्यांतील अंतर पाहण्यासारखे आहे.

१. चिनकुरळी : जिंकलेली लढाई

थोरल्या माधवराव पेशव्यांची प्रकृती बिघडल्यामुळे कर्नाटकातील मोहिमेची सूत्रे त्रिंबकराव पेठे ऊर्फ त्रिंबकमामा यांच्याकडे आली. मार्च १७७१ मध्ये मेलुकोटच्या आसऱ्याला राहिलेल्या हैदरअलीने रात्रीच्या वेळी श्रीरंगपट्टणकडे सरकण्याचा प्रयत्न केला. मराठ्यांना त्याचा सुगावा लागला आणि चिनकुरळी-मोती तलावाच्या परिसरात त्याच्या फौजेची संपूर्ण वाताहत झाली. तोफखाना मराठ्यांच्या हाती पडला. हैदर कसाबसा राजधानीत पोहोचला. निव्वळ लढाई म्हणून पाहिल्यास हैदरच्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोठा पराभव मानावा लागतो.

परंतु मोहिमेचे उद्दिष्ट हैदरची फौज मोडणे एवढेच नव्हते. त्याच्या सत्तेचे मूळ श्रीरंगपट्टणात होते. विजयानंतर मराठी फौज लुटीत गुंतली. तेवढ्या अवधीत हैदरने विखुरलेली माणसे गोळा केली आणि तटबंदीची व्यवस्था लावली. त्यानंतर वेढा पडला, पण घोडदळाच्या बळावर कावेरीच्या बेटावरील किल्ला पडण्यासारखा नव्हता, आणि वेढा उठवावा लागला. १७७२ च्या तहाने पैसा व प्रदेश मिळाला हे खरे; तथापि ज्या सत्तेला निर्णायक रीतीने वाकविण्याची संधी आली होती, ती सत्ता दहा वर्षांच्या आत पुन्हा दक्षिणेतील प्रबळ सत्ता झाली.

येथे लुटीला केवळ लोभ म्हणून दूषण देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर लढे. घोडा मेला तर नुकसान त्याचे. पगार थकला तर पोट त्याचे. लूट ही त्याच्या लेखी चैन नसून वसुली होती. शिवकालात लूट सरकारजमा करण्याचा दंडक होता, असे सभासदाच्या बखरीतून दिसते. त्या दंडकाचा अर्थ केवळ नैतिक नव्हता. लूट सरकारजमा आणि पोटाची सोय सरकारकडे, अशी व्यवस्था असली म्हणजे शिपायाचा हिशेब आणि राज्याचा हिशेब एका वहीत येतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या वह्या वेगळ्या झाल्या होत्या. चिनकुरळीला शिलेदाराची वही भरली. राज्याची वही अर्धी राहिली.

२. अरकेरे : जिंकूनही माघार

वीस वर्षांनंतर त्याच परिसरात हाच धडा वेगळ्या पक्षाला मिळाला. १७९० साली ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम यांनी टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र येण्याचा करार केला. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणच्या दिशेने आला. १५ मे १७९१ रोजी अरकेरेजवळ झालेल्या लढाईत टिपूला तटबंदीआड हटावे लागले. रणांगण कॉर्नवॉलिसचे झाले.

मात्र या विजयाचा उपयोग करण्याची शक्तीच त्याच्या सैन्यात उरली नव्हती. टिपूने मार्गावरील मुलूख उजाड केला होता, दाणा-वैरण मिळेना. त्याच्या हलक्या घोडदळाने मराठी फौजांकडून येणारे निरोप अडविले होते. पाऊस लागला, तोफा ओढणारे बैल मोठ्या संख्येने मेले आणि छावणीत देवीची साथ पसरली. अवजड तोफा काही ठिकाणी शिपायांना ओढाव्या लागल्या. मलबारकडून येणाऱ्या अॅबरक्रॉम्बीच्या फौजेशी हातमिळवणी करण्यासाठी कॉर्नवॉलिस कन्नंबाडीपर्यंत सरकला. आणि तेथेच, विजयाला आठवडाही लोटला नाही तोच, वेढ्याच्या मोठ्या तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून माघार घेण्याची वेळ त्याच्यावर आली. आज मेटगळ्ळीवरून जाणारा रस्ता ज्या जलाशयाच्या काठी पोहोचतो, त्याच टापूतील ही घटना आहे.

टिपूची या प्रसंगातील कामगिरी नीट समजून घेतली पाहिजे. तो लढाई हरला, पण त्याचे उद्दिष्ट राजधानी वाचविणे हे होते आणि तेवढ्यापुरते ते साध्य झाले. रसद तोडून प्रबळ शत्रूला निष्प्रभ करण्याची जी युक्ती मराठ्यांनी पालखेडला वापरली होती, तिचाच हा अवतार होता.

माघार सुरू होते न होते तोच, मे महिन्याच्या अखेरीस, मेलुकोटच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. उपाशी इंग्रज छावणीला प्रथम दिसला तो मराठ्यांचा बाजार. धान्य होते, गुरे होती, कापडचोपड होते, सराफ होते. भाव अर्थात चढे होते. इंग्रज लेखकांनी या चढ्या भावांबद्दल नाराजी नोंदविली आहे, आणि मित्रसैन्याच्या अडचणीवर व्यापाऱ्यांनी नफा कमावला हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही ज्या बाजारबुणग्यांना लष्करी इतिहासकार ओझे समजतात, त्यांनीच त्या आठवड्यात मोहीम वाचविली, हेही तितकेच खरे आहे.

३. भाऊंचा वळसा आणि शृंगेरी

मराठी पक्षाची बाजू मात्र निर्मळ नव्हती. परशुरामभाऊंनी धारवाडचा वेढा सप्टेंबर १७९० पासून सुमारे सहा महिने चालविला. तो एप्रिल १७९१ मध्ये यशस्वी झाला. कॅप्टन लिटलच्या पथकाबरोबर असलेल्या एडवर्ड मूरने १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात या वेढ्याच्या संथपणावर टीका केली आहे. धारवाड हे पटवर्धनांच्या दृष्टीने मुख्य ठाणे होते; मित्रसंघाच्या दृष्टीने ते वाटेवरचे होते. पुढे १७९१ च्या अखेरीस, श्रीरंगपट्टणवर अंतिम चढाईची सिद्धता चालू असताना, भाऊ बिदनूरच्या रोखाने वळले. गाजनूरची लढाई आणि शिमोगा ही त्या वळशाची फळे होत. लढाई चांगली झाली, ठाणे मिळाले. पण फेब्रुवारी १७९२ मध्ये राजधानीपुढे जेव्हा निर्णय लागत होता, तेव्हा भाऊ तेथे नव्हते. वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’ने पटवर्धनांचे दप्तर अभ्यासकांपुढे आणले. त्या घराण्याचे शौर्य त्यातून उजळून निघते. तेवढ्याच आदराने त्याच्या उद्दिष्टांची परीक्षाही व्हावयास हवी.

१७९१ साली याच फौजेबरोबरच्या लुटारू पथकांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली, आणि जगद्गुरूंना मठ सोडावा लागला. त्यांना मदतीची व पुनःप्रतिष्ठापनेची आश्वासने देणारी पत्रे टिपू सुलतानाने पाठविली; ही कानडी पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याने उजेडात आणली. ब्राह्मण सेनापतीच्या फौजेकडून हे घडले, ही गोष्ट मराठी लेखकांना अवघड वाटत आली आहे आणि तिचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. तो सविस्तर झाला पाहिजे. पेंढाऱ्याला पगार नव्हता. लूट हाच त्याचा पगार. ज्याला मोहिमेच्या उद्दिष्टात वाटा नाही, त्याने उद्दिष्ट सांभाळावे ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? यामुळे सेनापतीची जबाबदारी कमी होत नाही. उलट अशी माणसे बरोबर घेणाऱ्यावर ती अधिक येते.

४. श्रीरंगपट्टण १७९२ : मोजलेले युद्ध

मधल्या काळात कॉर्नवॉलिसने आपला हिशेब बदलला. अरकेरेसारखी दुसरी लढाई त्याने शोधली नाही. त्याने ऑक्टोबर १७९१ मध्ये नंदीदुर्ग आणि डिसेंबरमध्ये सावनदुर्ग घेतला. हे किल्ले हाती असल्याशिवाय रसदेचा मार्ग निर्धास्त होणार नव्हता. वंजाऱ्यांच्या तांड्यांकडून धान्याचा पुरवठा त्याने बांधून घेतला. किल्ले राज्याचे सार आहेत, हे आज्ञापत्रात अमात्यांनी सांगितले होते. त्या विचाराचे प्रत्यंतर येथे परकीयाच्या वर्तनातून मिळते. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री बेटाबाहेरील मोर्च्यांवर हल्ला झाला तेव्हा फौज पोटभर जेवलेली होती, आणि जिंकलेल्या मोर्च्यांवर टिकून राहण्याइतकी तिची बेगमी होती. ती रात्र घनघोर लढाईची होती. पण या लढाईच्या मागे उद्दिष्ट उभे होते.

यानंतरच्या वाटाघाटींत हरिपंत फडके यांचा वाटा मोठा आहे. टिपूची सत्ता समूळ नष्ट होऊ नये, ती दुर्बळ होऊन राहावी, हे पुण्याच्या धोरणाला धरून होते. कारण ती नाहीशी झाल्यास कंपनीला दक्षिणेत तोल राहणार नाही. मार्च १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले, ३ कोटी ३० लक्ष रुपयांची खंडणी ठरली, दोन मुलगे ओलीस द्यावे लागले, आणि मराठी सरहद्द तुंगभद्रेपर्यंत आली. रणांगणावर हरिपंतांच्या नावे मोठा पराक्रम नोंदलेला नाही. परंतु मोहीम कशासाठी आहे, याचा त्यांना विसर पडला नव्हता. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा असा माणूस पुण्याच्या बाजूने तेथे नव्हता, आणि चारच वर्षांत कंपनीच्या फौजा पुण्यात होत्या.

५. समारोप

या तीन प्रसंगांवरून लढाई निरर्थक असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ६ फेब्रुवारीच्या रात्रीवाचून मार्चचा तह झाला नसता. ऑनलाइन खेळातही ध्वज आणणाऱ्याची वाट कोणीतरी लढून मोकळी करावीच लागते. मात्र लढाईचे मोल तिने मोकळ्या केलेल्या वाटेवरून ठरते. चिनकुरळीला वाट मोकळी झाली, पण तीवरून वेळेवर कोणी गेले नाही. अरकेरेला वाट मोकळी झाली, पण चालण्याची ताकद नव्हती. १७९२ मध्ये दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उद्दिष्टाचा विसर अज्ञानामुळे क्वचितच पडतो. चिनकुरळीच्या शिलेदाराला किल्ला दिसत होता. बिदनूरकडे वळलेल्या भाऊंना श्रीरंगपट्टण ठाऊक होते. प्रत्येकाने आपापल्या नावापुढचा आकडा वाढविला, कारण त्याचा लाभ त्याच आकड्यावर अवलंबून होता. उपदेशाने हे बदलत नाही. हिशेबाची वही बदलावी लागते. मराठी इतिहासलेखनानेही स्वतःची वही या दृष्टीने तपासून पाहावी. जिंकलेल्या लढायांची यादी आपल्याकडे दीर्घ आहे. त्या प्रत्येकीसमोर तिने काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन रकाने भरले, तर शृंगेरीचे नावही त्या वहीत योग्य जागी येईल.