पुनवतचा मल्ल, मोतीबागेचा वस्ताद

ज्या वर्षी दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले, त्याच 1960 साली त्या जिल्ह्याच्या शिराळा मुलखातील पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी पंजाबच्या खडकसिंगास नमवून 'हिंदकेसरी' हा किताब मिळविला, हा योग मला फार हृद्य वाटतो.

1962 साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी मुक्त शैलीत रौप्य आणि ग्रीको-रोमन शैलीत सुवर्णपदक जिंकले. ज्या शैलीत कमरेखाली हात घालणे निषिद्ध आणि पायाचा उपयोग वर्ज्य, तीत एकेरी पट नि ढाक या डावांवर पोसलेल्या, तांबड्या मातीतल्या मल्लाने सर्वश्रेष्ठ ठरावे, हे केवळ देहबळाचे नव्हे, बुद्धीचेही यश होय. पुढे 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही ते उतरले.

परंतु त्यांचे खरे ऋण आहे ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीवर. हळद, ताक, तेल घालून मऊ केलेल्या मातीच्या त्या हौद्यात ते वस्ताद म्हणून उभे राहिले. वस्तादकी म्हणजे नुसते डाव सांगणे नव्हे. पोराचा जोर, खुराक, झोप आणि वर्तन या साऱ्यांचा जिम्मा वस्तादाच्याच शिरावर असतो, आणि आईबापांनी गावाकडून पाठविलेले पोर त्याच्याच हवाली असते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या दादू चौगुले यांनी 1970 व 1971 साली लागोपाठ 'महाराष्ट्र केसरी' किताब पटकावला आणि 1974 साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले.